सुटं वाक्य घेऊ नकोस

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, सोबतची एक्सेलची फाईलही उघडली. चारशे बारा मलयाळम वाक्यं, प्रत्येकापुढे मराठी अर्थ, आणि जिथे त्रिशूरच्या तुझ्या तीन भाषकांचं एकमत झालं नाही ते खण लाल. गाईड म्हणतात आधी सिद्धान्त निवड, मग सामग्री आपोआप लागेल. आणि शेवटी, कंसात, हळूच: ‘सरळ मराठीकडे परत येऊ का?’ त्या कंसामुळे मी आज दुपारची झोप सोडून लिहायला बसले आहे.

मेहनत कर वगैरे तुला सांगायची गरज नाही. फक्त एक विचारते. ही चारशे बारा वाक्यं कोण कोणाला म्हणतंय? कुठे, कशावरून? तुझ्या फाईलीत तो रकानाच नाही. सुटं वाक्य घेऊ नकोस. पुढे मी इतर काहीही लिहिलं तरी सांगणं एवढंच आहे.

तुझं सतरावं वाक्य पाहा: ‘रामाने सीतेला पुस्तक दिलं.’ उत्तर मिळालं ‘कोडुत्तु’. अठरावं, एकोणिसावं, सगळीकडे राम, सीता, कोडुत्तु. मीही हेच केलं होतं. १९८६ च्या जूनमध्ये मी त्रिशूरला गेले, पिशवीत आमच्या विभागाची सायक्लोस्टाईल प्रश्नावली, तिच्यात हेच राम आणि हीच सीता. वर्षभर मी ‘देणे’ म्हणजे ‘कोडुक्कुक’ असं लिहीत राहिले. तिथे मी ज्यांच्या घरी राहत होते त्या अम्मा रोज सकाळी दारात आलेल्या मासेवाल्याला ओरडून सांगायच्या, मला दोन दे. त्यात ‘तरू’ असायचं. मी चहा पीत ते ऐकायचे आणि बोलीतलं काहीतरी असेल म्हणून सोडून द्यायचे! मला किंवा तुला द्यायचं असेल तर ‘तरुक’, तिसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर ‘कोडुक्कुक’. मलयाळी पोर हे बोलायला लागल्यापासून पाळतं. माझ्या प्रश्नावलीत मी नव्हते आणि तूही नव्हतास, राम आणि सीता दोघंही तिसरे पुरुष, मग ‘तरुक’ येणार कुठून?

आणि ही गंमत कुठल्या भाषेत, तर जिच्या क्रियापदाला पुरुषच लागत नाही. आपण गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेली करत बसतो. तमिळही ‘वन्देन्’, ‘वन्दाय्’, ‘वन्दाळ्’ म्हणते. मलयाळममध्ये मी, तू, ती, ते, सगळ्यांना एकच ‘वन्नु’. ए. आर. राजराजवर्मांनी ‘केरळपाणिनीयम्’ या आपल्या मलयाळम व्याकरणात (१८९६, सुधारलेली आवृत्ती १९१७) मलयाळमला तमिळपासून वेगळं करणारे जे सहा ‘नय’, म्हणजे बदलांचे नियम, सांगितले, त्यांतला एक हाच, पुरुषभेदनिरास. ते वाचून मी खुशाल लिहून मोकळी झाले होते की या क्रियापदात पुरुष उरलेला नाही. प्रत्ययातून गेला हे खरं. पण देण्याच्या क्रियापदात, घेणाऱ्याच्या अंगाने, तो ठाण मांडून बसला होता आणि रोज सकाळी मासे घेत होता.

आता तुझे लाल खण. क्रियापदाच्या ‘-उकयाणु’ आणि ‘-उन्नुण्डु’ या दोन्ही रूपांपुढे तू ‘करतो आहे’ लिहिलंस आणि मग दोन रूपं कशाला म्हणून डोकं धरलंस. मला हा फरक तापात कळला. पावसाळ्यात आजारी पडले, तिथल्या एका दवाखान्यातली नर्स विचारायची, ‘मरुन्नु कऴिक्कुन्नुण्डो?’ मला वाटलं, आत्ता औषध घेते आहेस का असं विचारते. जेवण व्हायचं होतं, म्हणून मी ऐटीत म्हटलं, ‘इप्पोळ् इल्ला.’ हल्ली नाही! बाई जी काही भडकली. तिने विचारलं होतं औषध चालू आहे ना, आणि मी सांगितलं की बंद केलंय. त्याच संध्याकाळी शेजारीण डोकावली, माझ्या पुढ्यात पेजेची वाटी बघून म्हणाली, ‘कऴिक्कुकयाणो?’ जेवतेयस का? म्हणजे मध्येच आले का मी. क्रियापद तेच. एकीला जाणून घ्यायचं होतं, ही गोष्ट आहे की नाही. दुसरीच्या डोळ्यांसमोर ती घडतच होती. आता तू कुणाला टेबलाशी बसवून दोन्ही वाक्यं वाचून दाखवलीस आणि ‘यात फरक काय’ विचारलंस, तर तो बिचारा म्हणणार, काही नाही, दोन्ही बरोबर. बरोबर आहेतच. तुझी तीन माणसं भांडत नाहीयेत. प्रत्येकाने मनात वेगळा प्रसंग धरलाय आणि तू तो विचारला नाहीस.

या दोन रूपांच्या शेवटी बसलेले ‘आणु’ आणि ‘उण्डु’ वेगळे का, हे तुला मराठीतूनच दिसेल, जरा जुन्या मराठीतून. ‘आणु’चा नकार ‘अल्ला’, ‘उण्डु’चा ‘इल्ला’. हे पुस्तक नव्हे, आणि पुस्तक नाही. तुमच्या पिढीने ‘नव्हे’ टाकून दिलं, त्याला मी काय करू? माझी आजी दिवसातून दहादा म्हणायची. मराठीकडे परत यायचं म्हणतोस ना, ये, पण इथेही तुझी गाठ याच गोष्टीशी पडणार आहे.

उलट जिथे मराठी फार सहज जुळते तिथे सावध राहा. ‘चेय्तुनोक्कि’ म्हणजे करून पाहिलं, ‘वाङ्ङिवेच्चु’ म्हणजे घेऊन ठेवलं, ‘कोन्नुकळञ्ञु’ म्हणजे मारून टाकलं. शब्दाला शब्द, अगदी जुळी भावंडं. मग ‘पऱञ्ञुकळञ्ञु’ येतं आणि तू लिहितोस ‘बोलून टाकलं’. आपण बोलून टाकतो तेव्हा मन मोकळं होतं. तिथे बहुधा ऐकणाऱ्याला धक्का बसलेला असतो: असं म्हणाला की रे तो! कोण वैतागलं, कोण सुटलं, हे मराठी रकान्यात मावत नाही.

सिद्धान्ताचं म्हणशील तर अमृतवल्ली आणि जयसीलन या भाषाशास्त्रज्ञांनी २००५ साली मांडलं की मलयाळममध्ये ज्यांना आपण काळाचे प्रत्यय म्हणतो ते काळाचे नाहीत, क्रिया पुरी की अपुरी ते सांगणारे आहेत. वाच, नीट वाच, मोठं काम आहे. ‘-उम्’ या प्रत्ययाला भविष्यकाळ म्हणणाऱ्यांनी सूर्य रोज पूर्वेला ‘उदिक्कुम्’, म्हणजे उगवतो, याचं काय करायचं ते सांगावं, हेही खरं. पण तुला आत्ता बाजू निवडायची घाई कसली? गाईडना हवी असेल तर त्यांना निवडू दे. (हे त्यांना दाखवू नकोस.)

तुला कोणीतरी सांगितलंच असेल की या बाईंनी तीस वर्षं कार्डं जमवली आणि पुस्तक काही काढलं नाही. खरं आहे. कपाटात बुटांचे अकरा खोके आहेत. पण पहिल्या तीन खोक्यांत फक्त राम आणि सीता आहेत, आणि त्या कार्डांवर मी जो प्रबंध उभा केला त्याला पदवी मिळाली, कौतुक झालं, आणि त्यातलं चौथं प्रकरण चुकीचं आहे हे मला एकटीला माहीत होतं. तसं दुसरं पुस्तक मला काढायचं नव्हतं. लोक याला आळस म्हणतात, म्हणोत. नंतरच्या आठ खोक्यांतल्या प्रत्येक कार्डावर मागे प्रसंग लिहिलाय: बस चुकली तेव्हा, उसने पैसे मागताना, अम्मा मुलावर रागावलेल्या असताना. ती कार्डं खोटं बोलत नाहीत. पुस्तक निघायला हवं होतं का? हवं होतं. अम्मा होत्या तोवर तरी. त्यांना मी कबूल केलं होतं, पुस्तक आणून ‘तराम्’ म्हणून. आता द्यायचं तर त्यांच्या मुलाला ‘कोडुक्कावं’ लागेल.

असो. चारशे बारा राहू देत बाजूला. पुढच्या पत्रात पाचच वाक्यं पाठव, तू स्वतः कानाने ऐकलेली: बसस्टँडवर, मेसमध्ये, कुठेही. कोण, कोणाला, कशावरून, आणि ऐकणाऱ्याने काय उत्तर दिलं. उत्तर विसरू नकोस, अर्धा अर्थ तिथेच असतो. आणि सतरा, अठरा, एकोणीस काढून टाकलेस की कळव.