पेलेट थुंकणारा पफर

प्रश्न : काका, मागच्या आठवड्यात दुकानातून दोन पी पफर (वाटाण्याएवढे बारके मासे) आणले आणि गप्पींच्या टँकमध्ये सोडले. फ्लेक्सकडे ते बघतसुद्धा नाहीत. पेलेट, म्हणजे कोरड्या खाद्याचे दाणे, तोंडात घेतात आणि लगेच थुंकून टाकतात. दिवसभर झाडामागे लपलेले असतात. दुकानदार म्हणतो, ‘चार दिवस उपाशी ठेवा, झक मारत खातील.’ पण एकाचं पोट आत गेल्यासारखं दिसतंय. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सगळ्यात आधी, उपाशी ठेवणं आजच थांबवा. गोल्डफिश किंवा गप्पीच्या बाबतीत दुकानदाराचं बरोबर आहे, ते दोन दिवसांत नखरे सोडतात. पी पफरला मात्र पेलेट हे अन्न आहे हेच कळत नाही. त्याच्या लेखी जे हलतं तेच खायचं. तुमचा मासा लाजरा नाही आणि हट्टीही नाही. तो शिकारी आहे आणि तुम्ही त्याच्यापुढे खडे टाकताय.

हा मासा आपल्या शेजारचाच, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला. पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो, त्यामुळे ‘पफर आहे, थोडं मीठ टाका’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बाजारात येणारे बरेचसे मासे नदीतून पकडलेले असतात. त्यांनी जन्मात पेलेट पाहिलेलं नसतं.

मग द्यायचं काय? गोगलगायी. टँकमधल्या झाडांबरोबर फुकट येणाऱ्या आणि आपण शिव्या घालत वेचून फेकतो त्या पातळ कवचाच्या बारक्या गोगलगायी. मसुराएवढी एक टाका आणि बाजूला बसून बघा. पफर जागच्या जागी तरंगत राहतो. एक डोळा गोगलगायीवर, दुसरा तुमच्यावर, कारण त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात. मग अंग थोडं तिरकं करतो आणि वाट बघतो. गोगलगाईने मऊ अंग कवचाबाहेर काढलं, की टचकन चावा. थोड्या वेळाने तळाशी नुसतं कवच. हे एकदा बघितलं की हा मासा निवडून खाणारा आहे असं तुम्ही पुन्हा म्हणणार नाही. कवच चावून त्याचे सतत वाढणारे दातही झिजतात, तो फायदा वेगळाच. फक्त लांबट शंकूसारख्या, जाड कवचाच्या गोगलगायी देऊ नका, दात तुटू शकतो.

गोगलगायींची शेती अगदी सोपी. एका बरणीत टँकचंच जुनं पाणी, थोडं शेवाळ, आणि अधूनमधून उकडलेल्या दुधीची चकती. उरलेली चकती दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर वास सुटतो.

रोजच्यासाठी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्यांच्या वड्या, आणा. आमच्याकडे तो डबा फ्रीझरमध्ये मटाराशेजारी असतो आणि त्यावर सौंनी मार्करने ‘माशांचे!!’ असं दोन उद्गारचिन्हांसकट लिहिलंय. वडीचा छोटा तुकडा वाटीभर पाण्यात वितळवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि तीन-चार अळ्या ड्रॉपरने पफरच्या तोंडासमोर हळूच सोडायच्या. खाली पडताना त्या हलतात, तेवढं त्याला पुरतं. रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी द्या. तो कोपरा तो लवकर ओळखतो. अर्ध्या तासात खाल्लं नाही ते नळीने ओढून घ्या, कुजलं तर पाण्यात अमोनिया वाढतो आणि मग मासा आणखीच खात नाही. टँक नवीन असेल तर अमोनियाची चाचणी आजच करा. पाणीच बिघडलेलं असेल तर ताटात काहीही वाढलं तरी उपयोग नाही.

दुकानातले जिवंत लाल किडे, म्हणजे ट्युबिफेक्स, मी देत नाही. ते घाण पाण्याच्या गाळातून येतात आणि कितीही धुतले तरी मनातली शंका जात नाही. डासांच्या अळ्या पफरला फार आवडतात, पण बाल्कनीत बादली भरून ठेवणं मी कुणालाच सांगणार नाही. पालिकेने डासांसाठी गप्पी सोडायचे आणि आपण गप्पीवाल्या घरात डास पाळायचे, हे बरं दिसत नाही.

आता तुमचा खरा घोळ : गप्पी. त्या पफरच्या आधी धावून सगळं फस्त करतात आणि पफर विचार करत बसतो. पोट भरलं नाही की तो गप्पींच्या शेपट्या कुरतडतो. भरलं तरी कुरतडतो. त्यामुळे पफरना वेगळी जागा द्या. चाळीस लिटरचा टँक, भरपूर झाडं, मंद प्रवाहाचा स्पंज फिल्टर. दोघांची दृष्टादृष्ट होणार नाही अशी झाडं आणि लाकडं लावा. पोटावर मधोमध गडद रेघ आणि डोळ्याभोवती सुरकुत्या दिसल्या तर तो नर. दोन्ही नर निघाले तर तुमचा एक मासा लाजून नव्हे, मार खाऊन लपतोय.

पोट आत गेलेल्याला आधी वेगळा करा आणि थोडं थोडं करून दिवसातून दोन-तीनदा खाऊ घाला. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारक्या जीवाची, ताजी पिल्लं मिळाली तर उत्तम. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, चिमूटभर अंडी आणि एअरपंप, एवढ्यावर आपल्या हवेत साधारण दिवसभरात पिल्लं बाहेर येतात. गाळून, गोड्या पाण्यात धुवून द्या. भरपूर खाऊनही पोट खपाटीलाच राहिलं आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर पोटात जंत असण्याची शक्यता मोठी. नदीतून आलेल्या माशांत हे नेहमीचंच. अशा वेळी मासे बघणाऱ्या पशुवैद्याकडून जंतांचं औषध घ्या. दुकानातली पिवळी-निळी बाटली अंदाजाने ओतू नका.

प्रश्न : माझे कुली लोच (तळाशी राहणारे सापासारखे बारीक मासे) दिवसा दिसतच नाहीत. खातात की नाही? – एक वाचक, सांगली

उत्तर : खात असणार, पण तुम्ही झोपल्यावर. दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासाने तळाशी बसणारं खाद्य टाका आणि लगेच टॉर्च मारून बघायला जाऊ नका. तळाला खडी असेल तर बारीक वाळू घाला, त्यांना तोंड खुपसून शोधायची सवय असते. पाच-सहा एकत्र असतील तर दिवसाही थोडे बाहेर येतात. फिल्टरच्या तोंडाला स्पंज मात्र आजच लावा. संख्या कमी वाटत असेल तर वाळू उपसण्याआधी फिल्टर उघडून बघा, हे दोरीएवढे मासे तिथे शिरून बसतात.