पीएचडी करताना विद्यापीठातलं आर-पायथनचं वर्कशॉप करावं, की यूट्यूबवर भागतं?

तुम्ही लिहिलंय की अर्थशास्त्रात पीएचडी सुरू आहे, विषय महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या विकासाचा आहे आणि आजवरचं सगळं काम एक्सेलमध्ये झालंय. आता विद्यापीठात पाच दिवसांचं वर्कशॉप आहे: आर आणि पायथन या दोन प्रोग्रॅमिंग भाषा आणि शेवटी सुपरकॉम्प्युटर. गाईड म्हणताहेत जा, आणि तुम्हाला वाटतंय पाच दिवस वाया जातील. अशा वर्कशॉपना मी मदतनीस म्हणून बसतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

जा, पण आधी वेळापत्रक मागवून घ्या. सकाळी उद्घाटन, मग ‘बिग डेटाचे महत्त्व’, दुपारी मशीन लर्निंगवर पीपीटी आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट वाटप, असा बेत असेल तर घरी बसून स्वतःच्या फाईली आवरा. आपल्याकडे बरीच वर्कशॉप सर्टिफिकेटसाठीच भरतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. प्रत्येक सत्रात तुम्ही स्वतः टाइप करणार असाल आणि अडलं की धावून येणारी दोन-चार माणसं खोलीत असतील, तरच पाच दिवस द्या.

या पद्धतीचं चांगलं उदाहरण म्हणजे सॉफ्टवेअर कार्पेंट्री. 1998 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसाठी सुरू झालेला हा अभ्यासक्रम आज ‘द कार्पेंट्रीज’ नावाने जगभर चालतो. साधारण दोन दिवस असतात, आणि स्लाइडऐवजी शिकवणारा पडद्यावर कोड टाइप करतो, तुम्ही त्याच्यासोबत टाइप करता. प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात. एक रंग लॅपटॉपला लावला की ‘झालं’, दुसरा लावला की ‘अडलंय, या’. शिकवणाऱ्याचा स्वल्पविराम सुटतो, लाल एरर येते आणि ती कशी वाचायची हे सगळ्यांना आयतंच दिसतं. यूट्यूबवर नेमकं हेच मिळत नाही, कारण व्हिडिओ टाकणारा एरर कापून टाकतो. कार्पेंट्रीजचे सगळे धडे मोफत आहेत, जाण्याआधी आरचा पहिला धडा चाळून घ्या.

एक्सेल का सोडायचं? तुमच्याच विषयातलं उदाहरण आहे. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या 2010 च्या निबंधाने सांगितलं होतं की सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ कोसळते. खर्चकपातीचे समर्थक वर्षानुवर्षं त्याचा दाखला देत राहिले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या अभ्यासासाठी ते आकडे पुन्हा काढायला घेतले, ते जुळेनात, म्हणून लेखकांकडून मूळ फाईल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. काही वर्षं वगळण्याचे आणि देशांना वजन देण्याचे आक्षेपही होतेच. सगळं धरून 2013 मध्ये त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी काढलेली, एवढं कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे 0.1 टक्के नव्हे, तर 2.2 टक्के आली. एक्सेलमध्ये चूक सेलच्या पोटात दडून राहते. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फाईलमध्ये, प्रत्येक पायरी लिहिलेली असते, आणि दोन वर्षांनी परीक्षकाने विचारलं की ‘हा आकडा कुठून आला’, तर ओळ दाखवता येते.

आता तुमचा डेटा. इथे खरी मजा आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे 35, आज 36, कारण ऑगस्ट 2014 मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. जनगणनेच्या इंग्रजी फाईलमध्ये बीडचं स्पेलिंग बी-आय-डी, इतर खात्यांच्या फाईलमध्ये बी-डबल ई-डी. अशा दोन फाईली नावावरून जोडल्या तर आरमधली फाईली जोडणारी साधी ‘मर्ज’ ही आज्ञा न जुळलेल्या ओळी गुपचूप गाळून टाकते. ना एरर, ना इशारा. मराठवाड्याच्या निष्कर्षातून बीडच गायब, आणि तक्ता दिसायला एकदम सुबक!

म्हणून नावावर नाही, जिल्ह्याच्या कोड क्रमांकावर जोडा. जनगणनेत नंदुरबार 497 पासून सांगली 531 पर्यंत प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक आहे. 2014 नंतरच्या आकड्यांत ठाणे आणि पालघर एकत्र करून घ्या, पण टक्केवारी असेल तर नुसती बेरीज भागिले दोन करू नका, लोकसंख्येचं वजन द्या. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजा. हल्ली चॅटजीपीटी मर्जचा कोड क्षणात लिहून देतं, त्याला माझी हरकत नाही. पण ओळी मोजायला हव्यात हे तुम्हाला सुचलं पाहिजे, आणि ते सुचावं म्हणून वर्कशॉप.

आर की पायथन? तुमच्यासाठी आर, आणि एकच. दोन्ही एकदम धरलंत तर महिन्याभरात दोन्ही विसराल. पायथनच्या सत्राला बसा, मन रमवा, पण गृहपाठ आरचा करा.

सुपरकॉम्प्युटरचं सत्र ऐकायला छान असतं. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 1991 मध्ये परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर उभारला ती गोष्ट निघतेच, आणि पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्माचंही नाव येतं. लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या सामायिक संगणकावर, मोठं काम चालवायचं नाही, कामं वाटून देणाऱ्या स्लर्म या सॉफ्टवेअरच्या रांगेत जॉब टाकायचा, एवढं कळलं तरी पुरे. पण 35 जिल्हे गुणिले 20 वर्षं म्हणजे 700 ओळी. त्या तुमच्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात. पुढे राज्यातल्या चाळीस हजारांहून जास्त गावांपर्यंत उतरलात, तरी बहुधा लॅपटॉपच पुरेल.

जाण्यापूर्वी आर आणि ते लिहायचं-चालवायचं सॉफ्टवेअर आरस्टुडिओ घरीच इन्स्टॉल करा, नाहीतर पहिला अर्धा दिवस वायफायच्या नावाने बोटं मोडण्यात जाईल. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, त्यातले बरेच मराठीत आहेत. मराठी नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाईल) एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतंच दिसलं तर घाबरू नका आणि त्या अवस्थेत सेव्हही करू नका. ‘डेटा’मधून इंपोर्ट करताना यूटीएफ-8 ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडा. आणि स्वतःची एक खरी, गबाळी फाईल पेनड्राइव्हवर घेऊन जा. चहाच्या सुट्टीत मदतनिसाला ती दाखवा, सरावाची स्वच्छ फाईल वर्गात मिळेलच.