उतरवूनही न उतरणारी कावीळ

गेल्या महिन्यात या सदरात ‘ऑटोइम्यून हेपॅटायटिस’ या लिव्हरच्या आजाराचा दोन ओळींत उल्लेख केला होता. एवढ्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं निदान नुकतंच झालेल्या घरांतली आहेत. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतो. नावं गाळली आहेत, भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

प्रश्न : माह्या पोरीचे डोये अडीच महिन्यांपासून पिवये हायेत. वय चोवीस. गावातल्या बावाजीकडून तीनदा कावीळ उतरवली, माळ घातली. माळ पार पोटापर्यंत आली पण कावीळ गेली नाही. आता नागपूरले सुईनं लिव्हरचा तुकडा काढून तपासला, अन् म्हन्तात हे ऑटोइम्यून हाय. म्हंजे हाय तरी काय? घरच्या लेकराइले लागते काय? (दारव्हा तालुका)

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. लागत नाही. तिचं ताट-वाटी वेगळी केली असेल तर आजच परत एकत्र करा.

कावीळ हा आजार नाही, खूण आहे. ताप जसा मलेरियातही येतो आणि टायफॉइडमध्येही, तसे डोळे पिवळे व्हायला दहा कारणं असतात. आपल्याकडे पावसाळ्यात दिसते ती बहुतेक पाण्यातून आलेली, ए किंवा ई विषाणूची. ती बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि नाव बावाजीचं होतं. माळेचं म्हणाल तर ओल्या काड्यांचे तुकडे सैल फासात बांधलेले असतात. काड्या वाळून आक्रसल्या की फास ढिले पडतात आणि दोरा मोकळा होतो. तीच माळ खुंटीला अडकवून पाहा, खुंटीचीही कावीळ उतरेल.

तुमच्या लेकीचं दुखणं वेगळं आहे. ‘कुंपणच शेत खातं’ म्हणतो ना आपण, अगदी तसं. शरीराची राखण करणारी प्रतिकारशक्ती लिव्हरच्या पेशींनाच परकं समजून त्यांच्यावर तुटून पडते. पहिल्यांदा याचं नीट वर्णन १९५० साली स्वीडनमधल्या वाल्डनस्ट्रॉम या डॉक्टरांनी केलं, तेही तरुण मुलींमध्ये. आजही चारातले तीन रुग्ण बायका असतात. का होतो, याचं अर्धंच उत्तर हाती आहे: जन्मतः थोडा कल असतो आणि पुढे एखादा संसर्ग किंवा औषध निमित्त होतं. तिच्या खाण्यापिण्यात किंवा तुमच्या सांभाळण्यात काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही.

तुकडा काढावा लागतो, कारण नुसत्या रक्तावर हे निदान पक्कं होत नाही. एएनए, एएसएमए या अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने आपल्याच पेशींविरुद्ध बनवलेली प्रथिनं) आणि रक्तातलं वाढलेलं आयजीजी (एकूण अँटिबॉडींचं प्रमाण दाखवणारं प्रथिन) संशय देतात. सूज कुठे आहे आणि लिव्हरमध्ये व्रण (जखम भरल्यावर राहतात तसे कडक वण) किती झालेत, हे तुकडाच सांगतो. निदान होतं तेव्हाच साधारण तिघांतल्या एकाला सिरॉसिस, म्हणजे लिव्हरभर असे व्रण, झालेला असतो. म्हणून उशीर नको.

उशिराबद्दल बोलतोच आहे तर माझीही गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी निंदणाला जाणारी एक बाई माझ्याकडे कावीळ आणि गुडघेदुखी घेऊन आली. पावसाळा होता. पाण्याची कावीळ म्हणून मी तिला दोन महिने ग्लुकोज आणि बी-कॉम्प्लेक्सवर ठेवलं. पोटात पाणी झालं तेव्हा माझे डोळे उघडले. तेव्हापासून सहा आठवड्यांत न उतरलेली कावीळ मी पाण्याची म्हणत नाही.

प्रश्न : मी माळकरी आहे. वय बावन्न. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. याच आजाराने लिव्हर सिरॉसिस सुरू झालाय असं डॉक्टर म्हणाले. सोयऱ्यांत कळलं, आता लोक म्हणतात, ‘लपूनछपून घेत असेल.’ दुखण्यापेक्षा हे बोलणं जास्त लागतं. (पुसद)

माउली, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की मोहाची नाहीतर देशी, हे समीकरण इतकं पक्कं आहे की माझ्या दवाखान्यातही सोबत आलेला भाऊ आधी रुग्णाच्या तोंडाकडे बघतो. सिरॉसिस म्हणजे लिव्हरवर पडलेले व्रण. ते दारूने पडतात, बी आणि सी विषाणूंनी पडतात, चरबीने पडतात, आणि प्रतिकारशक्तीच्या या भांडणानेही पडतात. व्रणाकडे बघून दारू सांगता येत नाही.

लोकांना एवढंच सांगा: ‘आमवातात शरीर स्वतःच्या सांध्यांवर उलटतं, माझं लिव्हरवर उलटलंय.’ आमवात गावात सगळ्यांना माहीत असतो, लगेच समजतं. जो तरीही खोचक हसतो, त्याला समजावण्यात शक्ती घालवू नका.

आता त्याहून महत्त्वाचं. तुम्ही एकादशी करत असाल. सिरॉसिसमध्ये लिव्हरमध्ये शिधा साठत नाही, त्यामुळे रात्रभर उपाशी राहिलात तरी शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागतं. निर्जळी उपवास आता नको. एकादशीला दूध, दही, राजगिरा आणि शेंगदाणे दिवसभरात थोडे थोडे घ्या. एरवीही झोपण्यापूर्वी कपभर दूध आणि भाकरीचा कोर, एवढं तरी खात जा. विठोबा रागावणार नाही, माझी खात्री आहे. वरण, डाळ सोडू नका. कावीळ आहे म्हणून हळद आणि तेल पूर्ण बंद करणारी घरं मी रोज पाहतो. त्याने माणूस फक्त वाळतो. पोटात किंवा पायांवर पाणी येत असेल तर आवरायचं ते मीठ, म्हणजे पापड, लोणचं आणि ठेचा.

कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी किंवा सुई घेऊ नका. या लिव्हरला आणि किडनीला ती महाग पडते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, कारण सिरॉसिसमध्ये कॅन्सरची गाठ होण्याचा धोका असतो आणि लवकर सापडली तर उपाय असतात. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, असंबद्ध बडबड किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. एक चांगली गोष्टही सांगतो: आतली सूज औषधाने आटोक्यात आली की काहींचे व्रण थोडे मागेही हटतात.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. चार महिने प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) चालू आहे. एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) ८००वरून ४८वर आलंय. पण तोंड पुरीसारखं फुगलंय, झोप येत नाही, चिडचिड होते. बाया विचारतात, ‘ताई, अंगावर आलात काहो?’ आता बरं वाटतंय तर स्टेरॉइड बंद केलं तर चालेल का? (वर्धा जिल्हा)

ताई, नाही. आणि ‘एक दिवसाआड घेते’ असा मधला मार्गही स्वतःच्या मनाने नाही.

बाहेरून स्टेरॉइड मिळायला लागलं की किडनीवरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. अचानक बंद केलं तर शरीराकडे काहीच उरत नाही. उलट्या होतात, बीपी पडतं, माणूस कोसळतो. म्हणून डोस पायरी-पायरीने उतरवतात. तुम्ही ज्या चेहऱ्यावर रागावला आहात तो डोस कमी होईल तसा उतरेल. अझाथायोप्रिन त्याचसाठी जोडलेलं असतं. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो, पण तो दिसू लागला की स्टेरॉइड बरंच खाली आणता येतं. सिरॉसिस नसेल तर काहींना ब्युडेसोनाइड हे चेहऱ्याला आणि हाडांना कमी त्रास देणारं स्टेरॉइडही चालतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून पाहा.

गोळी सकाळी, खाऊन घ्या. संध्याकाळी घेतली तर झोप उडते. चिडचिड गोळीची आहे हे घरच्यांना सांगून टाका, नाहीतर सासूबाई वेगळाच अर्थ काढतील. आणि रसवंती! कावीळ म्हणून रोज दोन ग्लास उसाचा रस पिणाऱ्या एका ताईंची साखर स्टेरॉइडवर असताना ३८० झालेली मी पाहिली आहे. रस बंद, ग्लुकोज पावडर बंद. साखर तपासून घ्या. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे का बघा.

४८ म्हणजे जवळ आलात, पोहोचला नाहीत. एसजीओटी (एसजीपीटीसारखीच दुसरी तपासणी), एसजीपीटी आणि आयजीजी तिन्ही नॉर्मल व्हायला हवेत आणि निदान दोन वर्षं तसेच राहायला हवेत. मग कुठे औषध थांबवण्याचा विचार, तोही डॉक्टरांनी करायचा. त्यानंतरही निम्म्याहून जास्त लोकांचा आजार परत उसळतो, म्हणून बहुतेकांना छोटा डोस कायम चालतो. मी रुग्णांना हे पहिल्याच भेटीत सांगतो. काहींना वाईट वाटतं, पण ‘तीन महिन्यांचा कोर्स’ समजून घरी गेलेला माणूस सहाव्या महिन्यात परत पिवळा होऊन येतो, ते मला जास्त वाईट वाटतं.

प्रश्न : शेजारचे काका रोज कडुनिंबावरची ताजी गुळवेल आणून देतात. प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात. झाडपाल्याचं, त्याने काय अपाय होणार? (चंद्रपूर जिल्हा)

काकांना चहा पाजा, काढा ओतून द्या. कुंपण शेत खातंय आणि तुम्ही कुंपणाला खत घालताय!

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. त्यानंतर २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशभरातल्या केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. अनेकांची सूज हुबेहूब ऑटोइम्यूनसारखी होती. आयुष मंत्रालयाने गुळवेलीवरचा ठपका मान्य केला नाही, तो वाद चालू राहील. पण ज्याला हा आजार आहे त्याने त्या वादात स्वतःचं लिव्हर पणाला लावायचं कारण नाही. हेच पुडीतल्या भस्माला, वजन कमी करायच्या पावडरला आणि नाव न लिहिलेल्या काळ्या गोळ्यांना लागू.

प्रश्न : बायकोले अझाथायोप्रिन चालू हाय. कापूस वेचाले, फवारणीले जाऊ द्यावं काय? (घाटंजी)

वेचणीला जाऊ द्या, झेपेल तेवढं. फवारणी नको, औषध कालवायलाही नको. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते तुम्हाला मी सांगायला नको. फवारणीने हा आजार होतो असं मी म्हणत नाही, पण दुखऱ्या लिव्हरवर विषाचा भार कशाला?

अझाथायोप्रिनने कातडी उन्हाला हळवी होते, तेव्हा पूर्ण बाह्या आणि डोक्यावर दुपट्टा हवा. ही गोळी रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी करू शकते. म्हणून सुरुवातीला दर आठवडा-दोन आठवड्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. ताप आला तर ‘अंग मोडून आलं असंल’ म्हणून घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. युरिक ॲसिडसाठी अलोप्युरिनॉल कुणी दिलं तर आधी ही गोळी दाखवा. दोन्ही एकत्र धोक्याचं.

प्रश्न : मुलीचं निदान होऊन वर्ष झालं, रिपोर्ट नॉर्मल आहेत. स्थळ आलंय. सांगावं का? मूल होईल का? आणि दर महिन्याला नागपूरला जाणं आम्हाला परवडत नाही. (उमरखेड)

सांगावं. लपवलं तर सासरी ती गोळ्या लपवून खाईल, मग चुकवेल, मग बंद करेल. हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. ज्या घराला गोळीचं वावडं आहे ते घर पुढेही अवघडच जाईल. पण हे सांगणं मुलीच्या मर्जीने आणि तिच्या तोंडून झालं तर बरं.

मूल होऊ शकतं. आजार वर्षभर शांत असताना दिवस राहिलेले चांगले. गरोदरपणात अझाथायोप्रिन डॉक्टरांच्या देखरेखीत चालू ठेवतात. त्याऐवजी मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती आवरणारी दुसरी गोळी असेल तर मात्र दिवस राहण्याच्या आधीच बदलावं लागतं, त्याने बाळात व्यंग येऊ शकतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आजार उसळायची शक्यता जास्त असते. आपल्याकडे नेमकं तेव्हाच बाळंतीण माहेरी आणि फाईल सासरी असते.

परवडण्याचं. दर महिन्याला नागपूर नकोच. तिथल्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या, कोणती तपासणी किती आठवड्यांनी करायची. सीबीसी, एसजीपीटी आणि साखर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात करा. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आयजीजीसाठी आणि डोस बदलण्यासाठी तीन-चार महिन्यांनी नागपूर. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहेच. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरती व्हावं लागलं तर कामी येते, रोजच्या गोळ्यांसाठी तिच्यावर विसंबू नका. जनऔषधी दुकानात विचारा. बी आणि ए काविळीच्या लसी राहिल्या असतील तर त्याच फेरीत विषय काढा, आणि कुठलीही लस घेताना चालू गोळ्या दाखवा, कारण जिवंत जंतूंपासून बनवलेल्या लसी या औषधांवर असताना चालत नाहीत. फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. मागच्या वेळी एकांची बायोप्सी एसटीच्या गळक्या खिडकीखाली भिजली होती.