वाचकांचे प्रश्न : मापाने बांधलेली सायकल

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे, वजन ७० किलो असून मी वाईत राहतो. गेली सहा वर्षे मी तयार मिळालेली ॲल्युमिनियमची रोड बाइक चालवतो आहे. येत्या हिवाळ्यात ३०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करण्याचा विचार आहे व त्यासाठी कारागिराकडून स्टीलची फ्रेम बांधून घ्यावीशी वाटते. मित्र मात्र स्टील जड म्हणून कार्बनचा आग्रह धरतात. दोन तासांनंतर माझे तळहात बधिर होतात. कारागिराला कोणती मापे द्यावीत आणि काय ठरवून घ्यावे?

उत्तर : प्रथम वजनाचे पाहू. चांगल्या नळ्यांची स्टीलची फ्रेम साधारण पावणेदोन ते दोन किलो भरते आणि कार्बनची एक किलोच्या आसपास. आपण, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलोंच्या घरात जाता. त्यातला एक किलो कमी झाला, तर तासाभराच्या चढावर सुमारे पाऊण मिनिट वाचते. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला २० तासांची मुदत असते. त्या मुदतीत पाऊण मिनिटापेक्षा आपल्या बधिर तळहातांचे मोल कितीतरी अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय स्टील स्वस्त असो वा महाग, त्याचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो. महाग मिश्रधातूचे बळ जास्त असल्यामुळे नळी दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये अर्ध्या मिलिमीटरइतकी पातळ ठेवता येते, आणि चालवणाऱ्याच्या वजनानुसार नळीचा व्यास व जाडी निवडणे हाच बांधून घेण्याचा मोठा फायदा आहे.

मात्र फ्रेमची ऑर्डर देण्याआधी हातांचा त्रास सध्याच्या सायकलवरच सोडवावा. तळहात बधिर होतात, ते बहुधा शरीराचा भार सीटवर न राहता हातांवर उतरल्यामुळे: सीटचे टोक खाली झुकलेले असते, हँडल फार लांब असते किंवा फार खाली असते. एका वेळी एकच बदल करावा, त्यावर निदान दोन लांब फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक बदल वहीत नोंदवावा. सीटच्या उंचीसाठी एक जुनी रीत आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, जाडसर पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये सीटसारखे घट्ट वर दाबून धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. त्याला ०.८८३ ने गुणले, की पायडलचे दांडे (क्रँक) ज्या ॲक्सलभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते; म्हणजे ८२ सेंटिमीटरला ती सुमारे ७२.४ येते. हा आकडा अंतिम मानू नये, गुडघे काय सांगतात त्याप्रमाणे तो थोडा मागेपुढे होतो.

सायकल अंगाला बसली, की चार मापे घ्यावीत: सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचे अंतर, सीट आणि हँडल यांच्या उंचीतला फरक, आणि सीटचे टोक क्रँकच्या ॲक्सलच्या किती मागे आहे ते. शेवटच्या मापासाठी गवंड्याचा ओळंबा सीटच्या टोकाला लावून सोडावा, कारण नजरेने ते माप हमखास चुकते. ही मापे व क्रँकची लांबी कारागिराच्या हाती दिलीत, तर नळ्यांचे कोन काढणे त्याचे काम आहे. त्यात आपण ढवळाढवळ करू नये.

आपण ठरवून सांगावे ते टायरचे. माझी पहिली फ्रेम मी फक्त २५ मिलिमीटर टायरच्या जागेची बांधून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात मडगार्ड बसेना आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर मनगटे भरून आली, तेव्हा ती चूक माझ्या लक्षात आली. आपण ३२ मिलिमीटरचा टायर मडगार्डसह बसेल इतकी जागा मागावी आणि घाटातल्या पावसासाठी डिस्क ब्रेक घ्यावेत, कारण रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमध्ये चिखलाची कच रिमला घासून खाते.

गिअरचा हिशोब पसरणी घाटावरच करून पाहावा. पुढे ३४ आणि मागे ३४ दातांचे चक्र असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले, तर वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास येतो. हाच वेग ३९ आणि २५ च्या जोडीवर ठेवायचा, तर मिनिटाला ३८ फेरेच पडतात आणि तो सगळा जोर गुडघ्यांवर येतो. दिवसभराच्या वाटचालीत चढ शेवटी आला, की हा फरक फार जाणवतो.

बॉटम ब्रॅकेटसाठी, म्हणजे क्रँकचा ॲक्सल बसतो त्या जागेसाठी, आट्यांचा, बीएसए मापाचा कवच मागावा. तो सुटा करून साफ करता येतो आणि त्याचे भाग सहज मिळतात. जोडणी स्वतः करणार असाल, तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी: चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणजे ती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवून घट्ट होते. आट्यांना ग्रीस लावून पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवावेत. पान्याचा जोर लावून आटे फाटले, तर फ्रेम पुन्हा कारागिराकडे न्यावी लागते. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची वरची नळीही लगेच कापू नये. हँडलखाली दोन-तीन स्पेसर (कड्या) ठेवून महिनाभर चालवावी, हँडलची उंची पटली की मगच करवत लावावी. पैसा उरलाच, तर तो ३२ आऱ्यांच्या, हाताने विणलेल्या चाकांवर घालावा. खड्ड्यात एखादा आरा तुटला, तरी वाटेत चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घरी येता येते.

स्टील आतून गंजते, म्हणून आतून गंजरोधक लेप आणि बॉटम ब्रॅकेटखाली पाणी जायला छिद्र मागून घ्यावे. भर पावसात भिजलेल्या फेरीनंतर सीटचा दांडा काढून सायकल रात्रभर उलटी ठेवावी.

प्रश्न : माझी उंची १५३ सेंटिमीटर आहे. वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते. दुकानदार म्हणतात, सवय होईल. फ्रेम बांधून घेतली तर हे टळेल का?

उत्तर : टळेल, पण चाक लहान घ्यावे लागेल. नेहमीच्या ७००सी रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर असतो, ६५०बी या लहान मापाच्या रिमचा ५८४ असतो. म्हणजे सारख्याच टायरला चाक पुढून १९ मिलिमीटर आखडते. लहान फ्रेममध्ये मोठे चाक बसवण्यासाठी सीटची नळी उभी केली जाते आणि त्याने हातांवर भार येतो, तेही यात टळते. क्रँक १६० किंवा १६५ मिलिमीटरची आणि हँडल आपल्या खांद्यांच्या रुंदीएवढे घ्यावे. ६५०बीचे टायर गावोगावी मिळत नाहीत, त्यामुळे लांबच्या फेरीला घडी होणारा एक टायर सोबत बांधून न्यावा.