छापचित्रांतील डॅफ्नी, डायाना आणि अराक्नी

प्रश्न : विद्यार्थ्यांना वेरूळच्या कैलास लेण्यातील महिषासुरमर्दिनी दाखवल्यानंतर प्रबोधनकाळातील ग्रीक-रोमन पुराणकथांची लाकडी ठशांची चित्रे पाहिली. त्यांत स्त्रिया बहुधा पळताना, धरल्या जाताना किंवा झाड होताना दिसतात. दोष कथेचा की चित्रकाराचा?
— एक कलाशिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : दोष दोहोंकडे जातो, पण माझ्या मते चित्रकाराकडे अधिक, कारण कथेतील कोणता क्षण कोरायचा हे तोच ठरवतो. वेरूळच्या शिल्पकाराने ऐन युद्धाचा क्षण निवडला. युरोपातील या चित्रांचा मुख्य आधार म्हणजे रोमन कवी ओव्हिडचे ‘मेटामॉर्फोसिस’ हे काव्य. त्याची सचित्र इटालियन आवृत्ती १४९७ मध्ये व्हेनिसला निघाली. १५५७ मध्ये फ्रेंच चित्रकार बर्नार सालोमोंच्या १७८ चित्रांचे पुस्तक फ्रान्समधील लिआँला प्रसिद्ध झाले आणि १५६३ मध्ये निघालेल्या फ्रँकफर्टच्या आवृत्तीसाठी जर्मन चित्रकार व्हर्गिल सोलिसने तीच चित्रे डावे-उजवे पालटून उतरवून घेतली; त्यामुळे एकाने निवडलेले क्षण दूरवर रूढ झाले.

ओव्हिडची डॅफ्नी बोलते. लग्न नको म्हणून ती वडिलांची मनधरणी करते आणि तिच्यामागे लागलेला अपोलो देव अगदी पाठीशी येतो तेव्हा, ज्या रूपामुळे हा प्रसंग ओढवला तेच नाहीसे करा, अशी त्या नदीदेव पित्याकडे याचना करते. तळहातात मावेल एवढ्या चित्रात मात्र उरते ती पाठलाग होणारी, हातांच्या फांद्या होऊ लागलेली देहाकृती. तिचा नकार ऐकूच येत नाही.

शिकारीची देवी डायाना याला अपवाद वाटते. स्नान करताना तिला पाहणाऱ्या अ‍ॅक्टिऑन या शिकाऱ्यावर ती पाणी उडवते, त्याला शिंगे फुटतात आणि पुढे त्याचीच कुत्री त्याला फाडतात. येथे सत्ता तिचीच आहे. तरीही जे पाहिले म्हणून त्याला मरावे लागले, तेच चित्रकार पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला खुशाल दाखवतो. मला ही गोष्ट सर्वांत अधिक खटकते.

म्हणून विद्यार्थ्यांना चित्रासोबत मूळ कथाही वाचून दाखवावी. त्यासाठी अराक्नीची कथा घ्या : ती मिनर्व्हा देवीशी विणकामाची पैज लावते आणि युरोपा नावाच्या राजकन्येपासून आरंभ करून देवांनी फसवलेल्या स्त्रिया आपल्या वस्त्रात एकामागून एक विणत जाते. त्या विणीत मिनर्व्हालाही खोट काढता येत नाही. संतापून ती वस्त्र फाडते आणि हातातील धोटा अराक्नीच्या कपाळावर हाणते.