पंचनामा झाला, मग पैसे कुठे अडकले?

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारले आहे : साठ आर बाग गारपिटीत झोडपली, पंचनामा झाला, गावात इतरांचे अनुदान जमा झाले, माझेच का नाही? चांदवडचे कांदा उत्पादक म्हणतात, शेजाऱ्याला हेक्टरी १७,००० आणि मला ८,५००, हे कसे? येवल्याहून प्रश्न आहे साठवणुकीच्या चाळीत भिजलेल्या कांद्याचा : त्याला मदत मिळते का?

निफाडचे दादा, तहसील कार्यालयात हेलपाटे घालण्याआधी तलाठ्यांकडे एवढेच विचारा : मदतीच्या यादीत माझे नाव आहे का, आणि त्या यादीतला माझा विशिष्ट क्रमांक कोणता? नाव नसेल तर पंचनाम्यातच गोम आहे. गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गट सामायिक असेल तर इतर खातेदारांच्या संमतीपत्राअभावी रक्कम थांबते.

नाव असेल तर मात्र गाठ केवायसीची (आधारवरून ओळख पटवण्याची) किंवा बँकेची. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढलेला नसेल तर तो आधी काढा. केवायसी बाकी असेल तर विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जा. (छाटणी-थिनिंग करून बोटे घासलेली असतात, अंगठा उठत नाही. डोळ्यांचा स्कॅनर असलेले केंद्र मिळाले तर बरे.)

बँकेत 'आधार लिंक आहे' असे सांगतात, तेवढ्यावर उठू नका. पासबुकाला आधार जोडलेला असणे वेगळे आणि आधारवर येणारे अनुदान त्याच खात्यात पडेल अशी नोंद असणे वेगळे. मध्येच कुठल्या योजनेसाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल, तर पैसे तिकडे पडलेले असतात आणि आपण सोसायटीच्या बँकेत चकरा मारत बसतो. असे मी बऱ्याचदा पाहिले आहे. बँकेने रक्कम पीककर्जात वळती केली असेल तर तहसीलदारांकडे तक्रार करा. मदतीतून कर्जवसुली करू नये, असे शासन आदेशातच असते.

रकमेचे म्हणाल तर २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत बहुवार्षिक पिकाला (द्राक्ष त्यातच येते) हेक्टरी २२,५०० रुपये, म्हणजे साठ आरला १३,५००. नुकसान किमान ३३ टक्के हवे, मर्यादा २ हेक्टर. जानेवारी २०२४ च्या आदेशात राज्याने हाच दर ३६,००० केला होता, २०२५ मध्ये तो पुन्हा खाली आला. म्हणून मागच्या खेपेशी तुलना करू नका. बागेवर झालेल्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही, हे मलाही कळते. पण ही मदत आहे, भरपाई नव्हे. फळपीक विम्याचा दावा वेगळा, तो सोडू नका.

चांदवडकरांचे उत्तर सोपे आहे. ८,५०० जिरायतीचा दर, १७,००० बागायतीचा. तुमचा कांदा पंचनाम्यात जिरायत धरला गेलेला दिसतो. सातबाऱ्यावर विहिरीची आणि ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून केलेल्या पीकनोंदीत) सिंचनाची नोंद आहे का ते पाहा. असेल तर तोच उतारा जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.

येवल्याच्या ताई, चाळीतला कांदा हे उभे पीक नाही, त्यामुळे पीक नुकसानीच्या या मदतीत तो बसत नाही. सडके कांदे आजच वेचून काढा, उरलेला माल हवेशीर जागी पातळ पसरून सुकवा आणि पहिल्यांदा तोच विका. सडका माल बांधावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. उघड्यावर राहिला तर रोग पुढच्या रोपांपर्यंत येतो.