आयबीएसचं मूळ पोटातल्या जंतांत असू शकतं का?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने झाले, पोटात मुरडा येतो, कधी जुलाब तर कधी दोन-दोन दिवस साफच होत नाही. डॉक्टर आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत दोष दिसत नाही पण आतडं बिघडल्यासारखं वागतं) म्हणतात, आई म्हणते जंत आहेत, आणि मधल्या मध्ये तुम्ही मेडिकलमधून आणून मेट्रोजिलचे (अमिबा-जिआर्डिया मारणारं औषध) तीन कोर्स संपवलेत. मी डॉक्टर नाही. सतरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, लोकांची शी मायक्रोस्कोपखाली बघणं हे रोजचं काम. तेवढ्या अधिकारात सांगते: आईचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही.

फक्त एक घोळ आधी निस्तरू. आपण ज्यांना जंत म्हणतो ते डोळ्यांना दिसणारे कृमी. शाळेत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात ती त्यांच्यासाठी. आयबीएसच्या चर्चेत नावं निघतात ती जिआर्डिया, अमिबा, ब्लास्टोसिस्टिस यांची. हे एकपेशीय जीव, जंताच्या एका गोळीला पुरून उरतात.

यातलं जिआर्डियाचं प्रकरण सगळ्यांत पक्कं. २००४ साली नॉर्वेतल्या बर्गन शहरात पिण्याच्या पाण्याच्या तलावात सांडपाणी झिरपलं आणि हजारो लोक आजारी पडले. बाराशेच्या वर लोकांच्या तपासणीत जिआर्डिया निघाला. पाण्यात क्लोरीन होतं, पण जिआर्डियाची सिस्ट, म्हणजे त्याचं कवचातलं रूप, नेहमीच्या क्लोरीनला भीक घालत नाही. तिथल्या डॉक्टरांनी चिकाटीने या रुग्णांचा पुढची दहा वर्षं मागोवा घेतला. तीन वर्षांनी बघितलं तर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांना आयबीएस होता, लागण न झालेल्यांत १४ टक्के. दहा वर्षांनी ४३ आणि १४. म्हणजे जवळपास तिथेच.

तोवर बहुतेकांच्या पोटात जिआर्डिया औषधालाही उरला नव्हता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. परजीवी येतो, आतड्याला हुळहुळं करून जातो, आणि नंतर साधा गॅस धरला तरी कळ येते. अशा वेळी चौथ्यांदा मेट्रोजिल घेऊन मारणार कुणाला? तोंडाला आठवडाभर पैसे चघळल्यासारखी चव येते ती वेगळीच, वर आतड्यातले कामाचे जिवाणूही मरतात.

आता आमच्या बाजूची गोष्ट. ताज्या नमुन्याचा कण सलाईनच्या थेंबात घेतला की जिवंत जिआर्डिया झाडावरून गळणाऱ्या पानासारखा गिरक्या घेत जाताना दिसतो. एकदा पाहिला की विसरत नाही. पण तो रोज बाहेर पडत नाही, म्हणून एका नमुन्यात काही निघालं नाही याला फारसा अर्थ नसतो. एकाआड एक दिवस असे तीन नमुने द्या, किंवा डॉक्टरांना जिआर्डिया अँटिजेन टेस्टबद्दल (नमुन्यात जिआर्डियाची प्रथिनं शोधणारी तपासणी) विचारा.

उलटही घडतं. आतड्याला इजा करणारा अमिबा आणि त्याचा निरुपद्रवी भाऊ, दोघांच्या सिस्ट मायक्रोस्कोपखाली हुबेहूब सारख्या. रिपोर्टवर ‘अमिबा सिस्ट’ एवढं वाचून लोक वर्षानुवर्षं ‘मला अमिबा आहे’ म्हणत गोळ्या खातात. ब्लास्टोसिस्टिस तर ठणठणीत माणसांतही सर्रास सापडतो, त्याच्यामुळे आयबीएस होतो की नाही यावर अजून वाद आहे. काही तरी सापडलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं मी तरी धरत नाही.

वजन उतरतंय, शौचातून रक्त पडतंय, बारीक ताप आहे किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, यातलं काही असेल तर आयबीएस आणि जंत दोन्ही बाजूला ठेवून पोटाच्या डॉक्टरांना गाठा. आपल्याकडे आतड्यांचा टीबी असाच लपून बसतो. गव्हाचं बाधतंय का, हे बघायला टीटीजी नावाची रक्ताची तपासणी असते, तीही विचारून घ्या.

नमुना सकाळचा, लघवी न मिसळलेला, तासाभरात लॅबमध्ये पोचेल असा आणा. आणि लॅबने दिलेल्या डबीतच. परवाच एक आजोबा काडेपेटीतून घेऊन आले होते, त्यात दोन काड्या शिल्लक होत्या.